आटपाडीच्या महारवाड्याची बखर लिहिणारे शंकरराव खरात

औंध म्हटले की महाराष्ट्राला यमाईचा डोंगर आठवतो. त्या डोंगरावरचे श्रीभवानी चित्रसंग्रहालय आठवते. राजा रविवर्म्याची चित्रे आठवतात, हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे मायलेकराचे शिल्प एवढ्याशा खेड्यात कसे आले याचे नवल वाटते. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंधचे राजे. ते स्वतः चित्रकार होते, कीर्तनकार होते, सूर्यनमस्काराचे प्रचारक होते. १९३९ साली त्यांनी आपले राज्याधिकार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत काढली. पुढे त्याच कल्पनेवर व्ही. शांतारामांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला. हे सारे पुस्तकांत आले, पर्यटनाच्या माहितीपत्रकांत आले. ते यायलाच हवे होते. एका लहानशा संस्थानिकाने आपला वारसा जपला, त्याबद्दल कोणी आकस धरण्याचे कारण नाही.

परंतु औंध संस्थान म्हणजे फक्त राजवाडा नव्हता. सुमारे ५०० चौरस मैलांचे, सातारा, सांगली आणि विजापूर भागात तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले हे संस्थान होते. त्यात ७२ गावे होती. गाव तिथे महारवाडा, गाव तिथे मांगवाडा हा नियम तिथेही चुकला नव्हता. या वस्त्यांचा वारसा कोणी जपायचा? तराळाची घुंगुरकाठी कोणत्या काचेच्या कपाटात ठेवली गेली? मेल्या माणसाचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री दहा कोस उन्हापावसात तुडवणाऱ्या महाराच्या पायांची नोंद कोणत्या दप्तरात झाली? दप्तरात महाराच्या नावाची नोंद असे, पण ती राबवून घेण्यासाठी. त्याने काय भोगले याची नोंद करणारा माणूस दप्तरात नसतो. तो वस्तीतूनच यावा लागतो.

तो आला आटपाडीच्या महारवाड्यातून. ११ जुलै १९२१ रोजी तिथे जन्मलेल्या शंकर रामचंद्र खरात यांना आज आपण कथाकार म्हणून, कुलगुरू म्हणून, साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतो. ही ओळख खरी आहे, पण अपुरी आहे. शंकरराव हे आपल्या गावकुसाबाहेरच्या जगाचे पहिल्या फळीतले इतिहासकार होते. चळवळीने त्यांना या नात्याने फारसे वाचलेले नाही. हा लेख त्यासाठी.

आजच्या पिढीला तराळ हा शब्दच ठाऊक नसण्याचा संभव आहे. ते बरेच झाले म्हणायचे, पण शब्द गेला म्हणून इतिहास गेला असे होत नाही. महारकीची कामे महारांच्या घरांत पाळीपाळीने फिरत. ज्याची पाळी तो तराळ. कुठे त्याला येसकर म्हणत. पहाटेपासून चावडीवर हजर राहायचे. पाटील-कुलकर्ण्यांचे निरोप पोचवायचे. सरकारी कागद पुढच्या गावाला न्यायचे. साहेब आला तर त्याच्या घोड्यापुढे पळायचे, घोड्याला चारापाणी करायचे. गावात दवंडी द्यायची. शिवेचा तंटा झाला की हद्द दाखवायची. कोणी मेले की सुतकाचा सांगावा पाहुण्यांच्या गावी पोचवायचा. बेवारस प्रेत सापडले की पंचनामा होईपर्यंत त्याच्याजवळ राखण करीत बसायचे, मग रात्र असो की भर दुपार. गुरे मेली की ओढून न्यायची. या साऱ्याच्या बदल्यात काय? सुगीला खळ्यावरचे बलुते, सणाला मागून आणलेली भाकरी, आणि वतन म्हणून मिळालेला जमिनीचा तुकडा, ज्याच्या मोबदल्यात बापापासून नातवापर्यंत सगळे घर गावाचे बांधील. हे वतन नव्हते, वेठ होती, हे बाबासाहेबांनी ओळखले. म्हणूनच त्यांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. आपल्याच काही माणसांना तेव्हा वतनाचा मोह सुटत नव्हता, हेही येथे नमूद करायला हरकत नाही.

शंकररावांच्या घरी ही तराळकी होती. १९८१ साली त्यांचे आत्मचरित्र आले, त्याचे नावच 'तराळ-अंतराळ'. तराळाच्या पोराने अंतराळाएवढी उंची गाठली असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. पुस्तक वाचणाऱ्याला मात्र दिसते की लेखकाचे डोळे अंतराळाकडे कमी आणि तराळाकडे जास्त आहेत.

त्या पुस्तकातला एक प्रसंग मराठी वाचकांच्या मनातून जात नाही. विहिरीत प्रेत पडले आहे. तराळकीची पाळी वडिलांची. वडील उपाशीतापाशी प्रेताची राखण करीत बसले आहेत. पोलीस येतात आणि प्रेत वर काढण्यासाठी विहिरीत उतरण्याचा हुकूम वडिलांनाच होतो. हे आपले काम नव्हे असे म्हणण्याची सोय नसते. दोराला धरून बाप खाली जातो आणि शाळेत जाणारा पोर विहिरीच्या काठावर उभा राहून ते पाहतो. पोराला त्या क्षणी मेलेल्या माणसाची भीती वाटत नाही. आपला जिवंत बाप वर येतो की नाही, एवढीच त्याला भीती. अर्जुन डांगळे यांनी १९९२ साली दलित आत्मकथनांतील उताऱ्यांचे इंग्रजी पुस्तक संपादित केले, तेव्हा 'ए कॉर्प्स इन द वेल' हे त्याचे नाव याच प्रसंगावरून ठेवले गेले. आटपाडीच्या शिवारातली एक विहीर अशी जगाच्या ग्रंथालयांत जाऊन पोचली.

या प्रसंगात शंकररावांनी आपल्या वडिलांना शूर दाखवले नाही, की दीनवाणेही दाखवले नाही. काम कसे झाले ते सांगितले. कोण कुठे उभे होते, हुकूम कोणी दिला, दोर कोणी धरला, दुपार कशी चढली. चांगला साक्षीदार असाच बोलतो. शंकरराव पुढे वकील झाले, त्यांना पुराव्याचे मोल कळत होते. आमच्या मते त्यांच्या सगळ्या लेखनाची किल्ली इथे आहे. त्यांचे लेखन ही साक्ष आहे.

आता औंधच्या राजाकडे पुन्हा वळू. संस्थानात शिक्षणाची कदर होती आणि शाळेचे दार महाराच्या पोराला पूर्ण बंद नव्हते, हे मान्य केले पाहिजे. आटपाडीची शाळा, पुढे औंध आणि मग पुणे असा शंकररावांचा प्रवास झाला. संस्थानाने नवी राज्यघटना केली तेव्हा ते १७-१८ वर्षांचे होते. गावोगावी पंचायती आल्या. गांधीजींचा त्या प्रयोगाला आशीर्वाद होता आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडमधून आलेल्या अभियंत्याने त्यासाठी कष्ट घेतले होते. ग्रामराज्याचा हा प्रयोग आजही मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. आपल्या मनात मात्र एक साधा प्रश्न येतो. पंचायतीची सभा भरली की तिची दवंडी कोण देत होते? सत्ता राजाकडून गावाकडे आली, पण गाव म्हणजे कोण? ज्या गावाने शेकडो वर्षे महारवाड्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच गावाच्या हाती सत्ता दिली तर महारवाड्याच्या हाती काय येते? ग्रामस्वराज्याच्या कल्पनेवर बाबासाहेबांनी संविधान सभेत जो कठोर घाव घातला, त्यामागे असलीच गावे होती. शंकररावांनी यावर सिद्धांत मांडत बसण्यापेक्षा गाव कसे चालते ते दाखवले. ते एकदा दिसले की सिद्धांत वाचकाला स्वतःच सुचतो.

पुण्यात त्यांनी पदवी घेतली, कायद्याची परीक्षा दिली, वकिली केली. त्या काळी वकील झालेला महाराचा पोर म्हणजे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. असा माणूस सुखाने एक बंगला बांधून राहू शकला असता. शंकरराव शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या कामात उतरले, बाबासाहेबांच्या सहवासात आले, पुढे रिपब्लिकन पक्षाच्या संघटनेत त्यांनी जबाबदारीची पदे सांभाळली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतरच्या कठीण काळात 'प्रबुद्ध भारत'च्या संपादनाची धुराही त्यांनी वाहिली. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' या मालिकेतले हे शेवटचे पत्र. बाप गेल्यावर घरात कागदपत्रे कुठे ठेवली आहेत हे ज्याला माहीत असते त्याच्यावर जशी जबाबदारी येते, तशी ती त्यांच्यावर आली होती.

आणि इथे त्यांनी जे काम केले त्याची थोरवी आपल्याला अजून उमगलेली नाही. १९६१ साली त्यांनी बाबासाहेबांची पत्रे संपादित करून प्रसिद्ध केली. वर्ष नीट पाहा. महापरिनिर्वाणाला पाच वर्षेसुद्धा नीट झाली नव्हती. महाराष्ट्र शासनाच्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला तो १९७९ साली. म्हणजे शासन जागे होण्याच्या १८ वर्षे आधी आटपाडीच्या तराळाचा पोर बाबासाहेबांची पत्रे जमवून छापून बसला होता. पत्रे ही सर्वांत आधी नष्ट होणारी वस्तू. भाषण वर्तमानपत्रात येते, ग्रंथ ग्रंथालयात राहतो, पण पत्र कुणा कार्यकर्त्याच्या पत्र्याच्या पेटीत असते आणि कार्यकर्ता गेला की वाळवीच्या पोटात जाते. १९६६ साली 'डॉ. आंबेडकरांचे धर्मांतर' हा त्यांचा ग्रंथ आला. महाराष्ट्रातल्या महारांचा इतिहास त्यांनी लिहिला, अस्पृश्यांच्या मुक्तिसंग्रामावर लिहिले. याच सातारच्या मातीतले, पाचवडचे चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांचे खंडशः चरित्र लिहिण्यात आयुष्य घातले. वसंत मून यांनी पुढे शासनाच्या खंडांसाठी तेच केले. ही तीन नावे एका ओळीत घेतली पाहिजेत.

कथाकार शंकररावांकडे येऊ. 'बारा बलुतेदार' हे त्यांचे पुस्तक १९५९ साली निघाले. हा योगायोग मोठा विलक्षण आहे. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली आणि त्याचा अंमल सुरू झाला १९५९ साली. म्हणजे ज्या वर्षी बलुतेदारीचा, निदान महारकीच्या वतनाचा, कायद्याने शेवट झाला, त्याच वर्षी तिची नोंद पुस्तकरूपाने आली. इमारत पडण्याच्या दिवशी तिचे मोजमाप कागदावर उतरले. त्यानंतर साठच्या दशकात 'तडीपार', 'सांगावा', 'दौंडी' ही पुस्तके आली. नावेच वाचा. तडीपारीचा हुकूम, मेल्याचा निरोप, गावातली दवंडी. मराठी कथेला तोवर हे शब्द ठाऊक होते, पण ऐकणाऱ्याच्या बाजूने. दवंडी ऐकू आली की वाड्यातला माणूस माडीवरून कान देतो. दवंडी देणाऱ्याचा घसा कसा कोरडा पडतो, त्याच्या घरी चूल पेटली आहे की नाही, हे त्याला माडीवरून दिसत नाही. शंकररावांनी डफ वाजवणाऱ्याच्या बाजूला उभे राहून दवंडी ऐकवली.

याच मुलखातून दुसरे दोन थोर लेखक आले. ग. दि. माडगूळकर आणि त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश. माडगुळे हे त्यांचे गाव आटपाडीजवळचे. व्यंकटेशांची 'माणदेशी माणसं' आणि 'बनगरवाडी' ही मराठीची भूषणे आहेत, त्याबद्दल दुमत नाही. दुष्काळी माळ, मेंढरे, धनगरांची वाडी, औंध संस्थानातला कोवळा मास्तर हे सारे त्यांनी जिवंत केले. माणदेशाचा वारसा म्हटला की ही पुस्तके पुढे केली जातात. मग त्याच माणदेशाचा महारवाडा पुढे करताना हात का आखडतो? गदिमा १९७३ साली यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. व्यंकटेश १९८३ साली अंबाजोगाईला झाले. आणि १९८४ साली जळगावला त्या आसनावर बसले शंकरराव खरात. ज्या पावसाला ढग सापडत नाहीत त्या कोरड्या मुलखाने अकरा वर्षांत तीन संमेलनाध्यक्ष दिले. पैकी तिसऱ्याच्या बापाला पहिल्या दोघांच्या गावात पाणी वरून वाढले गेले असते, ही गोष्ट गौरवग्रंथांतून सहसा सुटते. आम्ही माडगूळकर बंधूंना दोष देत नाही. त्यांनी आपल्या उंबऱ्यावरून जे दिसले ते प्रामाणिकपणे लिहिले. दुसरा उंबरा शंकररावांचा. माणदेश पुरता पाहायचा तर दोन्ही उंबऱ्यांवर उभे राहावे लागते.

शंकररावांवर टीका झाली नाही असे नाही. ती मुख्यतः आपल्याच लोकांनी केली. १९६३ साली बाबुराव बागुलांचे 'जेव्हा मी जात चोरली होती' आले आणि दलित कथेला आग लागली. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. त्या ज्वालेपुढे शंकररावांची कथा अनेकांना मवाळ वाटली. त्यात विद्रोह नाही, ती बातमीसारखी सपाट आहे, भाषा साधीच आहे, असे म्हटले गेले. टीकेत तथ्य आहे. त्यांच्या बऱ्याच कथा घाईने संपतात, काही वृत्तांतच वाटतात. पण बागुलांची आग ज्या सरणावर पेटली ते सरण कोणी रचले, हा प्रश्न उरतो. वेठ म्हणजे काय, बलुते म्हणजे काय, हे जर आधी कोणी नीट मांडलेच नसते, तर विद्रोह कशाविरुद्ध हे पुढच्या पिढीला कसे कळले असते?

दुसरी टीका अधिक नाजूक होती. आपण १९५६ साली धम्म स्वीकारला. मेलेले ढोर टाकले, शिळी भाकरी टाकली, देव टाकले. मग हे जुने घाव पुन्हा उघडून चव्हाट्यावर कशाला मांडायचे? पोराबाळांना ते कशाला वाचायला लावायचे? 'बलुतं' १९७८ साली आले, मग 'आठवणींचे पक्षी', 'उपरा', 'तराळ-अंतराळ' अशी आत्मकथनांची रांग लागली. तेव्हा वस्त्यावस्त्यांतून हा सूर ऐकू येत होता. तो सूर लावणारी माणसे चळवळीची शत्रू नव्हती. स्वाभिमानाने जगू पाहणारी माणसे होती. शहरात नोकरी लागलेल्या, शेजाऱ्याला जात न सांगणाऱ्या माणसाला बापाच्या तराळकीचे पुस्तक घरात ठेवणे जड जाते, हे समजून घेतले पाहिजे. पण शंकररावांनी आपला निर्णय केला होता. कुलगुरुपदावर बसून झाल्यावर त्यांनी हे पुस्तक लिहिले. आता लपवण्याने त्यांचे काही बिघडणार नव्हते आणि सांगण्याने काही मिळणार नव्हते. तरीही त्यांनी सांगितले. लाज कोणाची होती, हे त्यांना पक्के ठाऊक होते. विहिरीत उतरलेल्याची ती नव्हती, उतरवणाऱ्यांची होती.

सातासमुद्रापलीकडे एक उदाहरण आहे, ते येथे सांगण्यासारखे आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात ईटनव्हिल नावाचे छोटे गाव आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी १८८७ साली ते स्वतःचे गाव म्हणून कायदेशीर वसवले. झोरा नील हर्स्टन ही लेखिका त्या गावात वाढली. ती शिकली न्यूयॉर्कला, ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब तिच्या दशकभर आधी शिकून गेले होते त्याच्याच परिसरात. मोठ्या मानववंशशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून ती आपल्या गावी परतली आणि दुकानाच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांच्या कहाण्या तिने टिपून घेतल्या. १९३५ साली त्याचे पुस्तक झाले. तिच्यावरही टीका झाली ती आपल्याच लोकांची. रिचर्ड राईटसारख्या जहाल काळ्या लेखकाला तिच्या लेखनात धार दिसेना. १९६० साली ती दारिद्र्यात मेली, तिच्या थडग्यावर नावही नव्हते. १९७३ साली ॲलिस वॉकर या तरुण काळ्या लेखिकेने ती जागा शोधून तिथे दगड बसवला. आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी ईटनव्हिलच्या मधून पाच पदरी रस्ता नेण्याचा घाट प्रशासनाने घातला, तेव्हा गावच्या पुढाऱ्यांनी संघटना उभी केली. हे गाव म्हणजे आमचा वारसा आहे, आमच्या झोराचे गाव आहे, असे सांगून त्यांनी रस्ता अडवला. १९९० पासून तिथे तिच्या नावाचा उत्सव भरतो. गावाने जपलेल्या आठवणी झोराने पुस्तकात आणल्या, आणि पुढे त्या पुस्तकाच्या जोरावर गावाने स्वतःला वाचवले.

ईटनव्हिल आणि आटपाडी यांत फरकही आहे, तो झाकू नये. ईटनव्हिल काळ्यांचे स्वतःचे गाव होते, महापौर त्यांचा, शाळा त्यांची. आटपाडीचा महारवाडा कोणाच्या तरी गावाच्या कडेला होता. झोराला आपल्या ओट्यावरचे हसणे टिपता आले. शंकररावांच्या वाट्याला चावडीसमोरचे उभे राहणे आले. म्हणून झोराच्या पुस्तकात गाणे आहे आणि शंकररावांच्या पुस्तकात सांगावा आहे.

सत्तरच्या दशकात शंकरराव मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे बाबासाहेबांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय काढून शिक्षणाच्या नकाशावर आणलेले शहर. त्या शहरातल्या विद्यापीठाच्या सर्वोच्च खुर्चीवर गावकुसाबाहेरचा माणूस बसला. मिलिंदमध्ये शिकलेल्या खेड्यापाड्यांच्या पोरांना ते दृश्य पाहून काय वाटले असेल! त्याच विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळेंसारख्यांचे प्राण गेले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. महाराष्ट्राने एका महाराच्या पोराला कुलगुरू म्हणून सहन केले, पण बाबासाहेबांचे नाव सहन करायला सोळा वर्षे घेतली. माणूस एकटा वर गेला तर व्यवस्थेला त्याचा फार त्रास होत नाही, तिला समूहाच्या नावाचा त्रास होतो, एवढेच यावरून कळते.

जळगावचे अध्यक्षपद हा असाच प्रसंग. दलित समाजातून अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी गेलेले शंकरराव पहिले. त्या काळात दलित लेखकांची आपली वेगळी संमेलने भरत होती. प्रस्थापितांच्या मांडवात जावे की न जावे यावर वाद होते, आजही आहेत. आमचे मत विचाराल तर शंकरराव त्या मांडवात गेले ते बरे झाले. ते रिकाम्या हाताने गेले नव्हते, आटपाडीचा महारवाडा बरोबर घेऊन गेले होते. मांडवात गेल्यावर वस्तीचे नाव टाकून देणारे पुढे पुष्कळ निघाले. त्यांची गोष्ट वेगळी.

९ एप्रिल २००१ रोजी शंकरराव गेले. आंबेडकर जयंती पाच दिवसांवर होती.

त्यांच्या गावाचा मुलूख त्यानंतर बदलला. गलाईच्या धंद्यासाठी इथली माणसे देशभर पांगली. डाळिंबे आली. कृष्णेचे पाणी उपसा योजनेतून माणदेशाकडे आणण्यासाठी नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने मोठा लढा झाला. त्या लढ्याची एक मागणी अशी होती की पाणी जमिनीच्या मापाने न देता माणसांच्या मापाने द्यावे, भूमिहीनालाही त्याचा वाटा मिळावा. शंकररावांच्या एका पुस्तकाचे नाव 'आडगावचे पाणी' असे आहे. पाण्याच्या त्या मागणीमागे कोणाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वरून वाढलेले पाणी आहे, हे ज्यांना समजून घ्यायचे असेल त्यांना शंकररावांकडेच यावे लागेल.

एक काम मात्र शंकररावांच्या हातून व्हायचे राहिले आणि ते कोणा एकाच्या हातून होणारेही नव्हते. आटपाडीची नोंद झाली. बाकीच्या गावांचे काय? औंध, कुंडल, खरसुंडी, दिघंची, खटाव-माणची गावे, प्रत्येक ठिकाणी तराळकीची पाळी कोणत्या घरांत फिरत होती, वतनाचे तुकडे कुठे होते आणि ते पुढे कोणाच्या ताब्यात गेले, १९२७ च्या महाडनंतर महारकी टाकण्याचा ठराव कोणत्या वर्षी झाला, त्यासाठी बहिष्कार किती दिवस सोसला, १९५६ नंतर पहिला बुद्धविहार कोणी बांधला, त्या विहाराच्या पायातला दगड कोणी वाहिला. ही माहिती ग्रंथालयात नाही. ती घराघरांतल्या म्हाताऱ्या-म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. हल्ली प्रत्येक पोराच्या हातात मोबाईल आहे, आवाज टिपायला वेगळे यंत्र लागत नाही. शंकररावांकडे दौत-टाक आणि आठवण एवढेच होते.

हिशेब सोपा आहे. वतने १९५९ साली गेली. तेव्हा जो मुलगा बापाबरोबर चावडीवर गेला होता आणि दहा वर्षांचा होता, त्याने आज पंचाहत्तरी ओलांडली आहे. ज्या बाईने लग्न होऊन आल्यावर बलुत्याची भाकरी मागून आणली होती, ती आज असली तर ऐंशीच्या पुढे आहे.